नायजेलला पुरण्याआधी

म्हातारं माणूस वृद्धाश्रमात गेलं की त्याच्या पाळीव प्राण्याचं करायचं काय, हा प्रश्न आमच्या शेफील्डात घरोघरी पडतो. वृद्धाश्रमात निघालेल्या एनिडबाईंचा नायजेल तर सरडा! हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला, वयानं मोठा. त्याला कोण घेणार? शेजारच्या वेंडीनं घेतला. गल्लीभर कौतुक झालं तिचं. एनिडबाई त्याच्या सवयी सांगू लागल्या, तर ही म्हणते, "काळजी सोडा हो, आम्ही मांजरं पाळलीत!"

डिसेंबरात नायजेलनं खाणं सोडलं. काचपेटीतल्या दिव्याखालची ऊब टाकून तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि एका रविवारी हलेचना. अंग गार, डोळे मिटलेले.

"गेला बिचारा," वेंडी म्हणाली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. रोज त्याच्यापुढे जिवंत नाकतोडे टाकण्याचा तिला वीट आला होता.

नवऱ्यानं, ग्रॅहमनं, मागच्या बागेत खड्डा खणला. नायजेलला बुटांच्या खोक्यात ठेवलं. एनिडबाईंना कळवायला हवं म्हणून वेंडीनं फोन लावला आणि रडव्या आवाजात बातमी सांगितली.

म्हातारी कडाडली, "पाय ओढून बघितलास त्याचा?"

"अहो, आता पाय कशाला..."

"बघ म्हणते ना!"

वेंडीनं झाकण काढलं, मागचा पाय हळूच ओढला. नायजेलनं तो सावकाश आखडून घेतला. जिवंत!

"अगं बये, झोपलाय तो! दर हिवाळ्यात असाच झोपतो. हेच तर सांगत होते तुला."

"ग्रॅहम, बुजव तो खड्डा!" वेंडी ओरडली आणि तिला रडू कोसळलं. "एनिडबाई, तो मेला म्हणून मला बरं वाटलं हो! जिवंत पुरणार होते मी त्याला!"

"पुरला नाहीस ना? झालं तर. मोठा झालेला जीव घरी आणला की त्याच्या सवयीही आणायच्या असतात, पोरी. त्या विचाराव्या लागतात."

"विचारते. सगळं सांगा. आणि... तुमचं तिथं बरं चाललंय ना?"

"इथं सातला दिवे मालवतात. मी अकरापर्यंत वाचते, हे कुणी विचारलंच नाही."

वेंडीला लाज वाटली. तिनं तरी कुठं विचारलं होतं!

"उद्या येते मी," ती कशीबशी म्हणाली. "तिथल्या व्यवस्थापक बाईंशी बोलते."

मंडळी, थकल्या जिवाला छप्पर दिलं की आपण मोकळे झालो असं समजू नका. तो सरडा असो की माणूस, त्याच्याशेजारी बसा आणि त्याला विचारा!