कंबरेचं निमित्त

आपल्याला खोटं बोलता येत नाही, असा आमच्या सासूबाईंचा स्वतःविषयी समज आहे. ह्या पावसाळ्यात त्यांनी अख्ख्या कोळवण गावाला एकच थाप मारली, आणि ती इतकी बेमालूम मारली की माझा नवरा हातचा जायची वेळ आली.

शिमग्यापासून ह्यांचं मन कशातच लागेना. ताटातलं ताटात राहायचं. म्हशीखाली धारेला बसले की बसूनच राहायचे, म्हैस मागं वळून बघायची तरी ह्यांचे हात हलायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "रेश्मा, मी नसलो तर तुमचं काय आडंल गं?" पाऊस कधी येईल असं विचारावं, तसं विचारलं. सूसला राहणाऱ्या माझ्या भावाला गाडी घेऊन बोलावलं आणि ह्यांना पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, ह्याला नैराश्य म्हणतात, गोळ्यांनी आणि बोलण्यानं उतरतो, पण वेळ लागतो. एकटं ठेवू नका. मनात काय चाललंय ते सरळ विचारत जा, विचारल्यानं काही वाढत नाही.

पण घरात विचारायला तोंड उघडायची बंदी. सासूबाई म्हणाल्या, "डोक्याच्या गोळ्या म्हनलं की लोक येडा म्हनत्यात. उद्या पोरीला स्थळ कोन आननार?" आमची पोर चौथीत आहे. "कुनी इचारलं तर कंबर धरलीया म्हनायचं, बास." मी भांड भांड भांडले. त्यांनी हेका सोडला नाही, आणि भाताची लावणी तोंडावर आली होती.

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, उद्या दुसऱ्याचं. मजुरी नाही, माणसाला माणूस द्यायचा. घरचा गडी आला नाही तर कारण सांगावं लागतं, आणि ते कारण अख्खी ओळ वाकल्या वाकल्या दिवसभर चघळते. कंबर म्हटल्यावर सगळे हळहळले. कुणी निरगुडीचा पाला पाठवला, कुणी एरंडेल. खालच्या आळीचा गेणबा खोऱ्यातल्या निम्म्या लोकांच्या कंबरा चोळून देतो, तो तर बोलावणं नसताना दारात उभा.

त्यानं ह्यांना पालथं पाडलं, पाठीत गुडघा रोवला आणि पाय धरून असे ओढले की मला बघवेना. हे हूं नाहीत की चूं नाहीत. सासूबाई चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाल्या. शेवटी त्याच्या तावडीतून सुटायला हे म्हणाले, "बरं वाटतंय आता." झालं. इंद्रजितची कंबर आपण मोकळी केली, हे गेणबानं घरी पोचेपर्यंत दिसेल त्याला सांगितलं.

आता आली का पंचाईत. कंबर बरी झाली, मग गडी कुठंय? "बायकू चिखलात, आन ह्यो घरात लोळतोय," असं बायका बोलायच्या, मला ऐकू येईल इतक्याच हळू. एकदोघींना मी तिथल्या तिथं झाडलं, पण झाडून झाडून सांगणार काय? हात रोपात आणि सगळा जीव घरात. संध्याकाळी घर दिसायला लागलं की माझे पाय भराभर पडायचे आणि दारात आल्यावर आत जायला धजायचे नाहीत. आतून खोकला ऐकू आला की मगच मी पाय धुवायची.

आमच्या खाचराची पाळी आली त्या दिवशी सकाळपासून झड लागलेली. सासूबाईंनी ठरवलं, लेकानं निदान बांधावर तरी उभं राहावं, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. "नुस्त्या रोपाच्या मुठी टाक रं बाबा ओळीत. दिसलास म्हंजी झालं." मी नको म्हणत होते. हे उठले आणि आले. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात रोपाच्या मुठी, आणि नजर कुणावरच नाही.

दिग्विजय म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, तोंडाचा फाटका, मनानं वाईट नाही. तो ओळीतून म्हणाला, "काय दादा, कंबर बरी झाली आन सोंग तेवढं ऱ्हायलं व्हय?" सगळी ओळ हसली. हेही हसले. ते हसू बघून मी ओळ सोडून त्यांच्याकडं निघाले. तेवढ्यात वरचा बांध फुटला आणि खाचरातलं पाणी रोपं घेऊन धावायला लागलं. मी आणि दोघी-तिघी दगडमाती घालायला पळालो. बांध बुजवून वर बघितलं, तर हे नव्हते. मुठी पाण्यात तरंगत होत्या.

मी घराकडं धावले. गोठा बघितला, माळा बघितला, न्हाणी बघितली. फोन उशाशीच पडलेला. तशीच खाचरावर परत आले. "ह्यांना कुनी बघितलं का?"

"आसंल कुटंतरी," दिग्विजय म्हणाला. "कंबर दुखनारा मानूस जाऊन जाऊन जानार किती लांब?"

पुन्हा हशा. बांधावर सासूबाई माझ्याकडं बघून नकारार्थी मान हलवत होत्या, बोलू नको म्हणून. माझं डोकं फिरलं.

"कंबर-बिंबर काय झाली न्हाई त्यास्नी," मी म्हणाले. "कवाच झाली नव्हती. मनाचा आजार हाय, पुन्याच्या गोळ्या चालू हायेत. त्यास्नी जगावं वाटत न्हाई. आता हसायचं तर हसा, न्हाईतर हुडकायला चला."

कुणी हललं नाही. मला वाटलं, सासूबाईंची भीतीच खरी होणार, आता हे सगळे एकमेकांकडं बघणार आणि आपापल्या घरी जाणार.

सगळ्यात आधी धोंडाबाई चिखलातून वर आली. शेजारच्या खाचराची म्हातारी. तिचा लेक शेखर मागं विहिरीत पाय घसरून गेला, हे सगळ्या गावाला माहीत. लुगड्याचा ओचा खोचत ती म्हणाली, "माझ्या शेखरचा पाय घसरला नव्हता. आमीबी तसंच सांगितलं हुतं." आणि ती ओढ्याच्या वाटेला लागली.

मग कुणी कुणासाठी थांबलं नाही. रोपं जिथल्या तिथं पडली. गेणबा पुण्याच्या लोकांच्या फार्महाऊसच्या कुंपणाकडं गेला, बायका टेकाडाकडं गेल्या. दिग्विजय "दादा, दादा" करत पळत होता आणि पळता पळता रडत होता. मी धोंडाबाईच्या मागं.

हे ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या भिंतीवर बसले होते. खाली पाणी तांबडंलाल, फुगलेलं. मी ओरडणार तोच धोंडाबाईनं माझं मनगट घट्ट धरलं. ती सावकाश पुढं झाली आणि भिंतीवर त्यांच्याशेजारी टेकली. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन त्यांचा दंड धरला. तो थंडगार होता.

"इंद्रा, कसं वाटतंय रं तुला?" म्हातारीनं विचारलं.

"बरं हाय काकी. जरा कंबर..."

"कंबर ऱ्हाऊ दे. रेश्मानं समद्यांस्नी सांगितलंय."

हे माझ्याकडं वळले. आता चिडतात की काय म्हणून मी दंड आणखी आवळला. पण त्यांनी दंड सोडवून घेतला नाही.

"शेखरला आमी इचारलंच न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "काय सांगंल, ह्याचं भ्या वाटलं. तुला इचारतीया. सांग."

"लई वाईट वाटतंय काकी," हे म्हणाले. "उठल्यापासनं. रोज. मरावं वाटतंय."

ते ऐकवत नव्हतं, आणि तरीही इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच श्वास घेता आला.

"चल," धोंडाबाई उठत म्हणाली. "घरी पडवीत बसू आन समदं सांग. मला दुसरं काम न्हाई."

एका बाजूनं ती, एका बाजूनं मी, असे आम्ही त्यांना घेऊन वर रस्त्याला लागलो. मागून सगळी सावड, चिखलानं माखलेली. सासूबाई वाटेत भेटल्या. त्यांनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि आमच्याबरोबर चालायला लागल्या. एसटीच्या थांब्यावर पलीकडच्या वाडीची माणसं उभी होती. एवढं गाव भर लावणीत रस्त्यावर बघून त्यातल्या एकानं विचारलं, "काय झालं वो रंभाबाई?"

सासूबाई थांबल्या.

"पोरगं आजारी हाय माझं," त्या म्हणाल्या. "मनानं आजारी हाय. त्याला घरी न्येतोय."