रंगाखालची चीर

लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली दुरुस्त करून गरजूंना फुकट द्यायच्या, हे काम एक संस्था एका बंद पडलेल्या बेकरीच्या जागेत करायची. तिथली मुख्य मिस्त्री एक विधवा बाई. सगळे तिला मावशी म्हणत, अगदी तिचा सख्खा दीरसुद्धा, आणि त्यावरून त्याची बायको त्याची टर उडवायची. दिराकडे रंगकाम होतं. हात चांगला होता, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोर काय आहे ते त्याला दिसत नसे.

त्या सकाळी मावशी एक चिमटा शोधत होती. चिमटा म्हणजे सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं तो भाग. त्याच्या मानेशी केसाएवढी चीर होती, म्हणून आदल्या दिवशी तिनं त्यावर खडूनं फुली मारून तो भंगारात टाकायला बाजूला ठेवला होता.

"भावजी, फुलीचा चिमटा कुठंय?"

"तो होय! फुली पुसली आणि मस्त निळा रंग दिला. लॉन्ड्रीवालीच्या सायकलला बसवलाय. काय शोभतोय म्हणून सांगू!"

लॉन्ड्रीत काम करणारी ती मुलगी आत्ताच हसत हसत सायकल घेऊन गेली होती. लॉन्ड्री उताराच्या तळाशी, ट्रकच्या रस्त्यापलीकडे. आणि त्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"अहो, तो चिरलाय! फुली काय मी शोभेला मारली होती?"

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचं उत्तर ऐकायला मावशी थांबलीच नाही. हाताला लागली ती सायकल तिनं बाहेर काढली. तिची सीट इतकी खाली होती की पेडल मारताना गुडघे छातीला लागत होते.

गल्ली संपून उतार लागला तेव्हा मुलगी बरीच पुढे होती. मावशीनं सवयीनं जोरात हाक मारली आणि मग स्वतःवरच चिडली. डोळ्यांपुढे सारखं एकच येत होतं: चिमटा तुटतोय, चाक निसटतंय, पोरगी तोंडावर आपटतेय.

कशीबशी ती मुलीच्या बरोबरीला आली. 'थांब' अशी खूण करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पोरीनं घाबरून ब्रेक दाबला, तर सगळा भार पुढे येणार, आणि चिमटा तिथंच तुटणार. थांबवायचं, पण दचकवायचं नाही. मावशी ओढूनताणून हसली.

मुलीलाही हसू फुटलं. तिला वाटलं, मावशी शर्यत लावतेय. तिनं दणादण पेडल मारले.

"अगं बाई, नको गं!" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

उताराच्या मध्यावर एका गोदामाकडे जाणारा चढाचा फाटा होता. मावशीनं असेल नसेल ती ताकद लावून मुलीला गाठलं, छातीवर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि फाट्यावर वळली. सोंग फारसं करावं लागलं नाही. मुलीच्या कपाळावर आठी पडली. तीही मागोमाग वळली. चढावर दोन्ही सायकली आपोआप मंदावल्या.

मुलगी उतरून मावशीला सावरायला धावली. मावशीनं आधी तिच्या सायकलचा हँडल घट्ट धरला. मुलीनं रागानं तो ओढला. दिलेली सायकल काढून घेताहेत, असंच तिला वाटलं. मावशीनं तिचं बोट धरून चिमट्याच्या मानेवर टेकवलं. निळा रंग तडकला होता. फटीत नख जात होतं.

मुलीनं खाली ट्रकच्या रस्त्याकडे पाहिलं आणि हँडलवरची पकड सोडली.

दोघींनी पुढचं चाक उचलून धरत सायकल परत नेली. दिरानं करवतीनं त्या चिमट्याचे दोन तुकडे केले. मावशीनं स्वतः दुसरा चिमटा बसवला, हलवून पाहिला, पुन्हा हलवून पाहिला. मग मुलगी निघाली. उतार आल्यावर ती सायकलवरून उतरली आणि हातानं ढकलत चालू लागली.

दारात उभ्या मावशीच्या हातात पाना तसाच होता. दिरानं तो हळूच काढून घेतला.

"मावशी, बसा जरा."

"बसते. ती खालचा रस्ता ओलांडू दे, मग बसते."