गुहेतलं पाणी आणि रौधाची सही

गुहेच्या तोंडाशी टाळ्यांचा कडकडाट झाला. "एकशे ऐंशीवरून एकशे पन्नास!" लजहर ओरडला. अंगात पांढरा कोट, गळ्यात डॉक्टरी नळी, आणि आधीचा धंदा सतरंज्या विकायचा. "घोटभर पाणी प्या, अर्धा तास विसावा घ्या, बीपी पळालंच! मी नाही बोलत, मावशी, आकडे बोलतात!"

माझा जीव टांगणीला लागला होता. माझा मोठा भाऊ लमीन आमच्या केफ गावच्या घाटात प्रवासी गाडी चालवतो. महिन्याभरापासून त्याने गोळ्या बंद केल्या होत्या आणि हेच पाणी ढोसत होता. परवा वळणावर त्याला भोवळ आली, गाडी कठड्याला घासली. विचारलं तर म्हणे, ऊन लागलं! गाडीत मागे माणसं बसलेली असतात, त्यांचं काय?

रौधा माझी शाळेतली मैत्रीण, राजधानीत, ट्युनिसला, संख्याशास्त्रज्ञ आहे. लजहरनेच तिला बोलावलं होतं. पाणी बाटलीतून विकायचं होतं आणि लेबलावर तिची सही हवी होती. सकाळपासून ती त्याचं बीपी मोजायचं यंत्र तपासत होती.

"यंत्र ठीक आहे. आकडेही खरे आहेत," ती म्हणाली.

"खरे? अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"आकडे खरे आहेत म्हणाले. पाण्याने बीपी उतरतं असं कुठे म्हणाले?"

मला कुठला धीर! "मग गुपचूप नळाचं पाणी भरू त्याच्या बाटल्यांत. तोंडघशी पडेल मेला."

ती माझ्यावरच भडकली. "लोकांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग? मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय? विचारून करायचं, आणि निघेल ते सांगायचं. पाण्यात गुण निघाला तर तेही."

"तेही?"

"तेही."

मी नुसती चरफडत राहिले. ती गर्दीपुढे उभी राहिली. "अर्ध्यांनी पाणी प्यायचं, अर्ध्यांनी नुसतं बसायचं. कोणी काय करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. ज्यांना नको त्यांनी खुशाल नाही म्हणा."

"माझं नाव घाल!" गर्दीतून लमीन हसला. "कोरडा बसलो तर उतरणारच नाही, बघ तू!" एवढ्या लोकांसमोर लजहरला नाही म्हणता येईना. लमीनला चिठ्ठी आली ती कोरडं बसायचीच.

आल्या आल्या मोजलेले आकडे लिहून ठेवलेले होतेच; अर्ध्या तासाने सगळ्यांचं पुन्हा मोजलं. पाणी प्यालेल्यांचं उतरलं होतं. न प्यालेल्यांचंही तेवढंच उतरलं होतं.

"यंत्र बिघडलंय!" लजहर किंचाळला.

"यंत्राला काय धाड भरलीये?" रौधा म्हणाली. "तुमच्यासमोरच तपासलं ना? गाडीतळापासून इथवर उभा चढ आहे. माणसं उन्हात धापा टाकत येतात आणि आल्या आल्या तुम्ही दंडाला पट्टा बांधता. मग गारव्यात बसवता. बीपी उतरणारच, पाणी प्या नाहीतर नका पिऊ!"

एका म्हातारीने कपाळावरचा पदर मागे सारला. "मग पट्टा खाली गाडीतळावर का नाही बांधत रे लजहर, आम्ही चढायच्या आधी?"

लजहरने तिच्याकडे पाठच फिरवली. मग रौधाच्या कानाशी लागून म्हणतो कसा, "लेबलावर नुसतं 'तपासलेले आकडे' लिहू. आकडे खरेच आहेत ना?"

"अर्धंच खरं माझ्या सहीने विकायचं नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

लमीन मात्र खूश! "काही का असेना, माझं दोनशेवरून एकशे सत्तर झालं ना?"

"लमीनदादा, वरचे तीस त्या चढाचे होते, ते गेले," रौधा हळूच म्हणाली. "अर्धा तास शांत बसूनही उरले ते एकशे सत्तर तुमचे आहेत."

महिनाभर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या त्या किती उतरलं त्याला. येऊन थांबलं कुठे, ते कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून सांगते, कुणी आकडे नाचवत आला की भुलू नका. कुठे मोजलं, कधी मोजलं, आणि ज्यांनी पाणी प्यायलं नाही त्यांचं काय झालं, हे बेधडक विचारा. विचारायला कसली आलीये लाज!

 त्या दिवशी लमीनने खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"तू चालव," तो म्हणाला. "आधी दवाखान्यात ने."