चार बोटं जागा

आमच्या नगरपालिकेत नऊ वर्षं पगार वाढला नव्हता. दहाव्या वर्षी युनियनने ठरवलं की आता बास, आणि ठेवणीतलं सर्वांत भयंकर शस्त्र बाहेर काढलं: सगळ्यांनी नियमाप्रमाणे काम करायचं.

संप केला असता तर पगार कापला गेला असता. नियमाप्रमाणे काम केलं म्हणून कुणाचा पगार कापता येत नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं. अध्यक्ष पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवतात. त्यांना सगळे कर्णा म्हणतात, कारण ते कानात काही सांगायला लागले की दोन गल्ल्या पलीकडचे लोक मान डोलावतात. त्यांनी कपाटावरून नियमपुस्तक काढून झटकलं, तेव्हा निम्मी युनियन शिंकली. मग ते आम्ही सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

आठवड्यात शहराचा पार बोऱ्या वाजला. कचऱ्याच्या गाडीपुढे लाल झेंडा घेऊन एक माणूस चालला पाहिजे, असा नियम निघाला. झेंडेवाला गप्पिष्ट होता, त्यामुळे सोमवारचा कचरा गुरुवारी निघायला लागला. दिवाबत्तीवाल्याने बल्ब बदलण्याआधी अंधाराची पाहणी करायची होती, पण त्याची ड्युटी दहा ते पाच. तो रोज भर दुपारी खांबाखाली उभा राहायचा आणि वहीत ‘अंधार आढळला नाही’ असं लिहून परत यायचा.

या सगळ्यात एकाच माणसाचं काम तसूभरही बदललं नाही. ती माझी आत्या. ती आवक-जावक खिडकीवर बसते. पालिकेत येणारा आणि पालिकेतून जाणारा प्रत्येक कागद तिच्या हातून जातो, त्यावर नंबर पडतो, आणि नंबर पडेपर्यंत तो कागद जगात नसतो. बत्तीस वर्षं ती नियमानेच काम करत आली होती. बाकीच्यांना तो आंदोलनाचा भाग वाटला, तिला वाटलं की चला, उशिरा का होईना, माणसं शहाणी झाली.

आत्या महिनाअखेरीला रिटायर होणार होती. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरतं. म्हणजे पगारवाढ त्याआधी झाली तर ठीक, एक दिवस जरी नंतर झाली तरी आत्याच्या हाती भोपळा. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि तिचे गुडघे पहिल्याच मजल्यावर संपतात. तिने तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. घरमालकीण महिनाअखेरपर्यंत थांबणार होती. भाडं वाढीव पेन्शनमध्येच बसत होतं.

नियम चौदा आमच्या बाजूचा होता. कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्राला पंधरा दिवसांत जावक नंबरासह नकार गेला नाही, तर मागणी मान्य झाली असं समजावं. कर्णा दहा तारखेला वाजतगाजत मागणीपत्र घेऊन खिडकीवर आले. मागे शंभर माणसं, घोषणा वगैरे. आत्याने कागद घेतला, उजव्या हाताची चार बोटं जुळवून डाव्या कडेला ठेवली आणि कागद परत केला.

“समास कमी आहे.”

नियम एकोणतीस: कागदाच्या डाव्या बाजूस संबंधित लिपिकाची चार बोटे मावतील इतकी जागा सोडावी. कर्ण्यांनी सांगून पाहिलं की बाई, हे तुमच्याच पेन्शनचं पत्र आहे. आत्या म्हणाली की ते तिने वाचलेलं नाही, कारण नंबर पडण्याआधी कागद वाचणं नियमात बसत नाही. शंभर माणसं घोषणा अर्धवट सोडून घरी गेली. अकराला सही चुकीच्या जागी होती. बाराला प्रत एक कमी. तेराला सगळं बरोबर होतं, पण कर्णा पाच वाजून एक मिनिटाने पोचले. चौदाला नंबर पडला. पंधरा दिवस म्हणजे एकोणतीस तारीख, आत्या रिटायर व्हायच्या आदल्या दिवशीची. त्या रात्री मी आत्याशी बोललो नाही. ती मात्र मजेत होती. असं स्वच्छ मागणीपत्र बत्तीस वर्षांत आलं नाही म्हणाली.

मुख्याधिकारी साहेब निवांत होते. नकार द्यायला एक दिवस पुरतो आणि पहिले चौदा दिवस वाया घालवायचे असतात, हा त्यांचा अनुभव.

आता माझा गुन्हा सांगतो. मी उद्यान विभागात आहे. खिडकीच्या चौकटीला गांधीलमाश्यांचं पोळं झालं होतं आणि ते काढावं म्हणून आत्याने आमच्या विभागाला रीतसर अर्ज दिला होता. एरवी मी काठी आणि धूर घेऊन दहा मिनिटांत काम उरकलं असतं. पण आम्ही नियमाने चाललो होतो. पोळं ही वनस्पती नाही, म्हणून मी अर्ज अतिक्रमण विभागाकडे पाठवला. त्यांनी पोळं मोजलं, विनापरवाना बांधकाम ठरवलं आणि रहिवाशांना पंधरा दिवसांची नोटीस काढली. नोटीस दर्शनी भागावर चिकटवायचं काम उद्यान विभागाचं निघालं. एकोणतीस तारखेला दुपारी दोन वाजता मी ती पोळ्याशेजारी चिकटवली.

रहिवाशांनी ती वाचली नाही. ते थेट हरकत नोंदवायला बाहेर आले, आणि सर्वांत जवळ आत्याचा उजवा हात होता.

साडेचारला साहेबांचा शिपाई नकाराचं पत्र घेऊन आला. तोवर आत्याची बोटं केळ्यांसारखी सुजली होती. तिने ती कशीबशी जुळवून कागदावर ठेवली. समास संपला, तारीख संपली, ‘महोदय’ झाकला गेला.

“समास कमी आहे,” आत्या म्हणाली, आणि यात तिला काहीच विचित्र वाटलं नाही.

शिपाई पळत वर गेला. नवीन प्रत काढायची तर कॉम्प्युटरवाली बाई नियमाप्रमाणे डोळ्यांना विश्रांती देत होती. पावणेपाचला दुसरी प्रत आली. तोवर बोटं आणखी सुजली होती. पाचला सात मिनिटं कमी असताना साहेब स्वतः खाली उतरले. ते कधी खिडकीवर आलेले कुणी पाहिले नव्हते, त्यामुळे रांगेतल्या दोघांनी त्यांना मागे उभं राहायला सांगितलं.

“बाई, डाव्या हाताने मोजा की,” साहेब म्हणाले.

“डावा हात रजिस्टर धरायला आहे, साहेब. नियम तीस.”

“अहो, पण ही काय बोटं आहेत का?”

आत्याने बोटांकडे नीट पाहिलं. “संबंधित लिपिकाचीच आहेत,” ती म्हणाली.

पाच वाजले. खिडकी बंद झाली. आतून आत्याच्या डब्याचा आवाज आला, बाहेर साहेब कागद धरून उभे. ते म्हणाले की या खिडकीविरुद्ध तक्रार करतो. कर्ण्यांनी त्यांना कानात सांगितलं, म्हणजे सगळ्या इमारतीला सांगितलं, की तक्रार याच खिडकीवर द्यावी लागते, दहा ते पाच.

पगारवाढ झाली. तीस तारखेला आत्या वाढीव पगारावर रिटायर झाली. झेंडेवाल्याने तिचा सत्कार केला, तो अडीच तास चालला.

एक तारखेला मला खिडकीवर बसवलं. दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि गांधीलमाश्यांना माझी सवय आहे असं साहेबांचं मत पडलं. पहिला कागद आत्याचा होता, पेन्शनचा अर्ज. घरमालकिणीने त्या संध्याकाळपर्यंत मुदत वाढवून दिली होती, तिला नंबर पडलेली पोच दाखवायची होती. मागे रांग, शेजारी कर्णा. मी चार बोटं जुळवून ठेवली. झाडं लावून लावून माझी बोटं जाड झाली आहेत. करंगळी पहिल्या अक्षरावर आली.

मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या गुडघ्यांकडे.

“समास कमी आहे,” मी म्हणालो. घरी मी तिला अगंतुगं करतो, पण पुढे “उद्या या” असंच तोंडातून निघालं.

कर्ण्यांनी कपाळावर हात मारला. आत्याने पिशवीतून दुसरा अर्ज काढून सरकवला. त्यावर पाच बोटं जागा होती.

“मोजायला फार वेळ लावलास,” ती म्हणाली. “मागे रांग आहे.”