दोन वॅटचे सासरे

"फक्त दोन वॅट! पण बघच तू आता, अख्खं घर हलवून दाखवतो," असं म्हणून चष्मेवाल्याने बटण दाबलं.

घर हललं नाही. शेजारच्यांचा मिक्सर तेवढा ऐकू आला. चष्मेवाल्याने आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिळली. मिक्सर थांबला तेव्हा कुठे कळलं, की इकडे एक बाई बातम्या देते आहे. पण फार लांबून, आणि बहुतेक तोंडावर उशी धरून.

"वा दाजी!" सोफ्यावर पसरलेला मेहुणा म्हणाला. "घराचं माहीत नाही, माझं पोट मात्र हललं."

"तुझेच स्पीकर आहेत ते," चष्मेवाला म्हणाला.

"स्पीकर वाघ आहेत हो! तुम्ही त्यांना दूधपोळीवर ठेवलंय."

आता यात मेहुण्याचं अगदीच चूक नव्हतं. तो टीव्ही-फ्रिजच्या दुकानात विक्रीला होता, आणि त्याने उसने दिलेले खोके गुडघ्याच्या वर येत होते. चष्मेवाल्याचं काम दुसऱ्या एका दुकानात, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचं. पण हात शिवशिवायचे. त्यातून त्याने जुन्या रेडिओतले काचेचे वॉल्व्ह काढून घरीच अ‍ॅम्प्लिफायर जुळवला होता. वॉल्व्ह पेटले की त्यांची ऊब स्वयंपाकघरापर्यंत जायची. आवाज मात्र सोफ्यापर्यंतही पोचत नव्हता.

आणि हा सगळा उद्योग कशासाठी, तर सासऱ्यांसाठी.

सासरे जन्मभर बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. गेल्या वर्षी ते गेले. मागे उरले ताठ उभे राहून काढलेले चार फोटो आणि एका सोबत्याने गंमत म्हणून भरून घेतलेली एक कॅसेट. ती घरातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर ऐकली तर सासरे डासासारखे गुणगुणायचे. मेहुण्याच्या दुकानातल्या भल्यामोठ्या सिस्टीमवर लावली, तर विहिरीत पडलेला राक्षस मदत मागतोय असं वाटायचं.

"हे बाबा नाहीत," बायको दर वेळी म्हणायची. आणि परवा भाजी चिरता चिरता, मान वर न करता, म्हणाली, "अहो, मला आता खरा आवाज आठवेनासाच झालाय. आठवायला गेलं की तो डास नाहीतर तो राक्षस येतो."

 चष्मेवाला उठून वॉल्व्ह पुसत बसला.

मिक्सरने केलेल्या पराभवानंतर त्याने बरंच वाचलं, दोन-चार जाणत्यांचं डोकं खाल्लं, आणि एका सकाळी दात घासता घासता जाहीर केलं, "फुल रेंज!"

"आधी चूळ भरा," बायको म्हणाली.

चूळ भरून त्याने समजावलं. मेहुण्याच्या खोक्यात तीन स्पीकर. एक जाड आवाज काढणार, एक मधला, एक बारीक. कुणी काय करायचं याची वाटणी करायला मध्ये आणखी भानगडी. त्या भानगडींतच आपले दोन वॅट दमतात, आणि माणसाच्या आवाजाचेही तुकडे पडतात. फुल रेंजमध्ये एकच स्पीकर. जाड, बारीक, मधलं, सगळं तोच एकटा करतो. थोडक्यात भागवतो आणि कुरकुर करत नाही.

"म्हणजे माझ्यासारखा," बायको म्हणाली.

"कुरकुर सोडून," चष्मेवाला म्हणाला आणि त्या दिवशी त्याला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

निवड करायला तीन जोड्या घरी आल्या. कॅसेट आधीच घासलेली, ती सारखी लावायची सोय नव्हती. म्हणून बातम्यांवर परीक्षा ठरली. चष्मेवाल्याने बायकोला स्टुलावर बसवलं, समोर ओळीने स्पीकर मांडले आणि एकदम तिच्या डाव्या कानावर हात ठेवला.

"अहो! कान आहे तो, डोळा नाही."

"सवय गं. हं, सांग. हा बरा..." त्याने तारा काढून दुसऱ्याला जोडल्या. "...की हा बरा?"

"सारखेच."

"नीट सांग. हा? की मघाचा?"

"मघाचा कुठला?"

"मघाचा म्हणजे आत्ताच्या आधीचा."

"त्याच्या आधीचा बरा होता."

"त्याच्या आधी मी काहीच लावलं नव्हतं!"

"तेच म्हणतेय मी."

तरी काही गोष्टी कळल्या. पहिली जोडी तळहाताएवढी. आवाज गोड, पण बातम्या देणाऱ्या बाईने आठवडाभर काही खाल्लेलं नसावं असा. दुसरी जोडी ताटाएवढी. तिच्यात दोन वॅटनी खरंच खिडकीची काच थरथरली. चष्मेवाला विजयाने मागे वळला, तर बायको कपाळाला आठ्या घालून बसलेली.

"ही बाई मला का रागावतेय?"

"रागावत नाहीये, हवामान सांगतेय."

"मग माझ्यावर कशाला ओरडून सांगतेय? पाऊस मी पाडलाय का?"

ताट बाद झालं. तिसरी जोडी मधल्या मापाची, कागदी पडद्याची, दिसायला अगदीच गरीब. एव्हाना बायको कंटाळून कणीक मळायला निघून गेली होती. चष्मेवाल्याने उगाच, हिरमुसून, तिसरीला तारा जोडल्या. दोन वाक्यं झाली नाहीत तोच बायको पिठाच्या हातांनी, पदर सावरत बाहेर आली आणि दाराकडे बघू लागली.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

"अहो, बाई बोलत होती ना कुणीतरी. मी म्हटलं बसा, आलेच."

चष्मेवाल्याने बाकीच्या दोन जोड्या खोक्यात भरल्या. डोळ्यांच्या दुकानातही असंच असतं. माणूस "सारखंच दिसतंय, सारखंच दिसतंय" म्हणत राहतो आणि मग अचानक खालची ओळ न विचारता वाचून टाकतो.

उरली पेटी. एवढ्याशा स्पीकरला जाड आवाज काढायचा तर पेटी मोजून-मापून हवी, आणि तिच्या तळाशी हवा यायला-जायला एक लांबट फट हवी. चष्मेवाल्याने सुताराला चित्र काढून दिलं. सुतार जन्मभर कपाटं करत आलेला. "काळजीच करू नका," तो म्हणाला, "एकही सांधा दिसणार नाही."

पेट्या आल्या आरशासारख्या. त्यांत स्पीकर बसवले, बातम्या लावल्या.

"हिला सर्दी झालीय," बायको म्हणाली.

चष्मेवाल्याने वॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या, पेट्या भिंतीपासून पुढे ओढल्या, मागे ढकलल्या. मेहुण्याने येऊन मान हलवली. "दाजी, हिला वाफ द्या." शेवटी हरून सुताराला बोलावलं.

सुताराने पेटीवरून प्रेमाने हात फिरवला. "काम चोख आहे साहेब. तुमच्या चित्रात खाली एक फट राहून गेली होती, तीसुद्धा मी बुजवली. वरून पॉलिश मारलं. त्याचे पैसे लावलेले नाहीत हां."



"दोन्ही पेट्यांची?" चष्मेवाल्याने विचारलं.

"म्हणजे काय! एकीची बुजवायची नि एकीची ठेवायची, असं अर्धवट काम करत नाही मी."

फट पुन्हा पाडण्यात आली. सुतार जाताना दारात थांबून बायकोला म्हणाला, "वहिनी, उद्या आत उंदीर शिरला तर माझं नाव घ्यायचं नाही."

रविवारी दुपारी कॅसेट लावायचं ठरलं. मेहुणा नवा शर्ट घालून आला, पण सोफ्यावर पसरला नाही, कडेला बसला. नव्या पॉलिशचा वास डोक्यात जात होता म्हणून बायकोने बसस्थानकाकडच्या खिडक्या सताड उघडल्या. चष्मेवाल्याचा हात बटणावर होता, पण या वेळी तो घर हलवण्याबद्दल काही बोलला नाही.

आधी नुसती खरखर. मग मेजावर कप ठेवल्याचा आवाज. मग कुणीतरी घसा खाकरलं. दोनदा, आणि थोडं थांबून तिसऱ्यांदा, हळूच.

बायकोचा हात तोंडाकडे गेला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," सासरे खोलीत बोलले. "दोन नंबरच्या फलाटावरची गाडी आज पाच नंबरवरून सुटेल. घाई करू नका. सगळ्यांना जागा मिळेल."

कुणीच हललं नाही. वॉल्व्ह तेवढे मंद जळत होते.

"खाकरले बघ," बायको भावाला म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "तिसरं खाकरणं ऐकलंस? आई म्हणायची, अहो, लोकांना वाटेल गाडीच बिघडली."

"आणि ते 'घाई करू नका'," मेहुणा म्हणाला. "साहेबांनी किती वेळा बजावलं, तेवढं बोलायचं नाही म्हणून. पण बाबा ऐकतायत कुणाचं!"

"मी डोळे मिटून बसले ना," बायको चष्मेवाल्याला म्हणाली, "तर ते तिथे, त्या खुर्चीत आहेत."

चष्मेवाल्याने खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर त्याचाच टॉवेल वाळत होता. त्याने तो उचलला.

"दाजी," मेहुणा खाली बघून म्हणाला, "माझे खोके मी घेऊन जातो आज." मग नाक ओढून, "परत एकदा लावा ना. थोडं मोठ्याने."

कॅसेट जपायची होती, पण बायकोनेही मान हलवली. चष्मेवाल्याने फीत मागे नेली आणि खुंटी शेवटपर्यंत फिरवली. दोनच्या दोन वॅट. सासरे खाकरले, बोलले आणि खिडकीतून बाहेर गेले.

खिडकीखाली बसस्थानकाचं आवार आहे. तिथे हल्ली घोषणा यंत्र करतं आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्या दुपारी मात्र दोन नंबरवर बसलेली सगळी माणसं पिशव्या उचलून, अजिबात घाई न करता, पाच नंबरवर जाऊन उभी राहिली. त्यांची गाडी दोन नंबरवरून वेळेवर सुटली. रिकामी.