कुलूपबंद ड्रम

शेततळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीला गोकुळनं कुलूप लावलं, तिथूनच सरूबाईचं डोकं फिरलं. मासे पाळायला कुलूप कशाला? मासे काय चालत पाचोडच्या बाजारात जाणार होते?

पोरगा म्हणायचा, आत माशांचं खाद्य आंबतंय, कुणी झाकण उघडू नये म्हणून कुलूप. समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ त्यानं रत्नागिरीहून मागवलं होतं. गुळाच्या पाण्यात ते आंबवलं की रोहूला पचतं, मग समुद्रातली बारीक मासळी दळून केलेलं विकतचं खाद्य कमी लागतं. ऐकायला सगळं झकास. पण गूळ, पाणी आणि बंद ड्रम यातून काय निघतं, हे सरूबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा नवरा दारू गाळायचा, प्यायचा आणि त्यातच गेला. आता एकुलता एक पोरगाही त्याच वाटेला लागला, हीच तिची धास्ती.

गोकुळचा भागीदार फारूख बाजारात मासे विकायचा. तिनं त्याला गाठून खोदून खोदून विचारलं. त्यानंही शेवाळाचंच पालुपद लावलं. फारूख दारूला शिवत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिनं त्यातून भलताच अर्थ काढला: या भोळ्यालाही आपल्या पोरानं गुंडाळलंय.

गोकुळ कामासाठी संभाजीनगरला गेला, तशी तिनं चावी हुडकली. खोलीत दोन निळे ड्रम होते. झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली, आणि बाटलीत बुडबुडे. असली नळी तिनं संसारभर पाहिली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पदर खोचून तिनं दोन्ही ड्रम आडवे केले.

काळपट, चिकट लगदा जमिनीवर पसरला. वास खारट-आंबट होता, मुरलेल्या लोणच्यासारखा. तिनं बोट लावून चाखलंसुद्धा. दारू नव्हती. सरूबाई तिथंच भिंतीला टेकून बसली.

दिवस कलताना गोकुळ आला आणि दारातच थबकला. उद्यापासून ते खाद्य तळ्यात टाकायचं होतं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"दारू वाटली व्हय?" त्यानं विचारलं.

"नळी होती," ती म्हणाली. "गूळ होता."

"आतला गॅस बाहेर जायला हाय ती नळी. सांगितलं व्हतं म्या."

सांगितलं होतं, खरंच. सरूबाईला मान वर करवेना. गोकुळ तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं आपलं तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं. रोज ताट वाढताना ती जरा जास्तच खाली वाकायची, आणि पोराला काही कळत नाही असं समजायची.

"हुंग," तो म्हणाला. "रोज चोरून हुंगती ना माय, आज समोर हुंग."

तिनं तोंड फिरवलं. तो तसाच बसून राहिला.