हॉर्नमधले काका

त्या दिवशी गादीकाकूंच्या अंगणात एवढी गर्दी झाली, की भिंतीवर चढलेल्या मांजराला पाय टेकायला जमीन सापडेना आणि ते बिचारं संध्याकाळपर्यंत वरच बसून राहिलं. पायऱ्यांवर माणसं, कुंपणावर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं. सगळ्यांच्या माना एका जुन्या गाडीकडे वळलेल्या. ट्रकच्या सांगाड्यावर घरगुती डबा चढवलेली गाडी ती. पुढून पाहिली तर माल वाहणारी, मागून पाहिली तर पाहुणे वाहणारी.

ड्रायव्हरच्या जागेवर गिअरबाबा बसले होते. बसले होते म्हणजे काय, एखाद्या साच्यात रस ओतावा तसे त्या सीटमध्ये ओतले गेले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणजे हात रिकामे नाहीत हे सर्वांना दिसावं.

“हे चालका,” बाबा घुमले, “तू इथे आहेस का?”

गाडीने भोंगा दिला. एकच, पण असा खणखणीत की टाकीवरचा एक जण टाकीत पडता पडता वाचला. एक भोंगा म्हणजे ‘हो’, दोन म्हणजे ‘नाही’. हा नियम खुद्द बाबांनीच पहिल्या दिवशी ठरवला होता, आणि वर गेलेल्या माणसाने तो विनातक्रार मान्य केला होता.

वर गेलेला माणूस म्हणजे गादीकाकूंचे यजमान. काकूंचा धंदा गाद्या आणि सोफ्यांची कव्हरं शिवण्याचा, म्हणून गल्लीने त्यांचं हे नाव पाडलेलं. यजमानांनी ही गाडी ऐन तरुणपणी भंगारवाल्याकडून कपाटाच्या भावात उचलली आणि मग जन्मभर तिला कपाटापेक्षा जास्त जपलं. काकू चिडल्या की म्हणायच्या, “या घरात एक तर हा डबा राहील, नाही तर मी.” ते हसायचे आणि फडकं घेऊन डबा पुसायला जायचे. पुढे गुडघे थकले, गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली, आणि वर्षापूर्वी तेही गेले.

मग लेकीने मनावर घेतलं. ती दवाखान्यात रक्त तपासायची. सुट्टीच्या दिवशी गाडी तपासू लागली. गंज खरवडला, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली, रंग मारला. जुना लोखंडी पलंग कापून टपावर सामानाची जाळी केली. मागची बाकं समोरासमोर बसवली, मध्ये घडीचं टेबल. स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण कधीच मोडलं होतं. त्या जागी तिने दारावरच्या घंटीचं बटण आणलं आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी ठोकलं. त्याची तार सीटखालून नेली. पाहुण्यांनी बटण पाहून विचारलं, “दाबलं की दार कोण उघडतं?” तर ती म्हणायची, “समोरचा ट्रकवाला.”

गाद्या अर्थातच काकूंच्या. सगळ्या सीटा त्यांनी उसवून नव्याने भरल्या. एक सोडून. ड्रायव्हरच्या सीटला त्यांनी फक्त वरून नवं कव्हर चढवलं. आत यजमानांच्या वजनाने पडलेला खळगा होता, स्प्रिंगा पार ढिल्या झालेल्या. गिऱ्हाइकाची सीट असती तर काकूंनी अशी कुचराई कधी खपवून घेतली नसती. पण तो खळगा भरायला त्यांचा हात धजेना. शिवण घातली आणि दोरा तोडला.

गाडी तयार झाली तसे काकूंचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गिअरबाबांना घेऊन आले. बाबा गाड्यांना आशीर्वाद देत फिरायचे. त्यांचं तत्त्वज्ञान गॅरेजमध्येच सर्व्हिसिंग करून आणल्यासारखं होतं. “आत्मा म्हणजे बॅटरी, देह म्हणजे बॉडी. बॉडी भंगारात जाते, चार्ज जात नाही. संसार म्हणजे फर्स्ट गिअर. आवाज फार, वेग नाही. माझ्याकडे या, टॉपमध्ये टाकतो.” लोक माना डोलवायचे. ज्यांना सायकलही येत नव्हती ते जास्त डोलवायचे.

तर असे हे बाबा पहिल्यांदा सीटवर बसले आणि भोंगा वाजला. खरं सांगायचं तर त्या वेळी बाबाच सर्वात जास्त दचकले. डोकं टपाला आपटलं. पण दचकण्याची समाधी करायला त्यांना तेवढा एक क्षण पुरला. डोळे मिटले, थोडे मागेपुढे झाले, आणखी एकदा वाजवून पाहिलं आणि जाहीर केलं, की गाडीत मालक आहेत.

तेव्हापासून रीघ लागली. शेजारचा बेकरीवाला आपल्या भट्टीचं भविष्य विचारून गेला. भाऊजींनी दाराशी चपलांची व्यवस्था पाहायला सुरुवात केली. लेक म्हणाली, “आई, कुठेतरी तार लागत असेल. मी उघडून बघते.” तर भाऊजी आडवे आले; चैतन्याला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही, अशी बाबांची आज्ञा होती. आणि काकूंनीही लेकीला थांबवलं. त्यांना ती तार सापडायला नको होती.

एका दुपारी अंगण रिकामं असताना त्या हळूच गाडीत चढल्या. त्या खळग्यात बसल्या. काकू अंगाने अशा, की शिलाई मशीनवर बसल्या तर मशीनलाच वाटावं दोऱ्याचं रीळ ठेवलंय. पदर सावरून म्हणाल्या, “अहो.” मग थोडं थांबून, “मी आहे.”

गाडी गप्प. त्यांनी तीनतीनदा विचारलं. भट्टीची चौकशी करणाऱ्या बेकरीवाल्याला उत्तर, आणि सबंध संसार केलेल्या बायकोला नाही.

बाबांना विचारलं, तर ते उसासून म्हणाले, “रागावलेत. या गाडीला कधी काही बोलला होतात का?”

काकूंना आठवलं. डबा राहील, नाही तर मी. किती वेळा म्हटलं असेल. त्या दिवसापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. आणि बाबांनी उपायही सांगितला होता: गाडी आमच्या मठाला अर्पण करा, राग जाईल. मात्र मालकांची संमती चारचौघांत घेऊ.

तीच संमती घेण्याचा हा दिवस. लेक हात बांधून शेडच्या खांबाला टेकून उभी होती. चेहरा असा, की रक्ताचा नमुना कुणीतरी सांडून ठेवलाय.

“हे चालका,” बाबा म्हणाले, “तुझी गाडी मठाच्या सेवेत द्यावी का?”

भोंगा. एक. भाऊजींनी डोळे पुसले.

काकू खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून अगदी सहज निघालं, “पण हे तर कधी हॉर्न वाजवतच नव्हते.”

खरंच होतं ते. यजमानांना भोंग्याचा तिटकारा. रस्त्यात कुणी आडवं आलं की काच खाली करून, डोकं बाहेर काढून म्हणायचे, “दादा, जरा बाजूला होता का?” म्हशीलासुद्धा ‘बाई’ म्हणायचे.

“देह सुटला की संकोचही सुटतो, माते,” बाबा म्हणाले.

“असेल,” काकू म्हणाल्या. “मग त्यांना विचारा, माझ्यावर राग आहे का.”

बाबांनी विचारलं. आणि उत्तराच्या वेळी सगळी गल्ली आभाळाकडे बघत होती, पण काकूंची नजर सवयीने शिवणीवर गेली. दुसऱ्याच्या घरी चहाला गेल्या तरी त्या आधी सोफ्याची शिवण बघत. सीटच्या कडेची त्यांनी घातलेली पांढरी दोरी बाबांच्या मांडीखाली बोटभर खाली गेली. मग भोंगा वाजला. आधी शिवण, मग भोंगा. यजमान बोलण्याआधी बाबा बूड हलवत होते.

काकू बेकरीवाल्याकडे वळल्या. “दादा, मैद्याचं भरलेलं पोतं आहे का? घटकाभर हवंय.” मग बाबांकडे. “महाराज, आपण जरा उतरता का?”

बाबांनी मायेवर प्रवचन सुरू केलं. पण जे पुढे होणार ते फुकट बघायला मिळणार, हे गर्दीला समजलं होतं. तिनेच त्यांना अलगद उतरवून घेतलं. पोतं आलं. चौघांनी ते सीटवर चढवलं. पोतं टेकताच गाडीने असा भोंगा दिला, की थांबेचना.

काकूंनी पोत्याची कड जरा उचलून धरायला लावली. शांतता. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, “हे मैद्या, तू ज्ञानी आहेस का?” कड सोडली. भोंगा.

आधी एक जण फुसकन हसला. मग सगळं अंगण. बेकरीवाला म्हणाला, “माझ्याकडे असले वीस ज्ञानी पडून आहेत, आणि मी इथे रांग लावतोय.”

पोतं उतरवून काकूंनी कमरेची कात्री काढली आणि स्वतः घातलेली शिवण स्वतःच उसवली. खाली लेकीची तार होती. एका ढिल्या स्प्रिंगने घासून घासून तिचं साल सोललं होतं. लेकीने ती सगळ्यांना दाखवली. बटण दाबलं की होतं एवढंच, की ही तार गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि हॉर्न वाजतो. इथे ते काम स्प्रिंग करत होती. जड माणूस बसला की स्प्रिंग तारेला शिवायची. हलकं माणूस बसलं की नाही. लेक पन्नास वेळा गाडी चालवून आली, कधी वाजला नाही. भाऊजी म्हणजे तर हँगरला अडकवलेला सदरा. ते जन्मभर बसून राहिले असते तरी परलोकाची लाइन लागली नसती.

“वहिनी, पण ते रागावलेत असं...” भाऊजींनी अजून धीर सोडला नव्हता.

“रागावले नव्हते, भाऊजी,” काकू म्हणाल्या. “मी हलकी होते, एवढंच.” आणि कित्येक दिवसांनी त्यांचे डोळे भरले ते बऱ्या कारणाने भरले.

बाबा कोणत्या गिअरमध्ये गेले ते कुणी पाहिलं नाही. बहुधा रिव्हर्स.

संध्याकाळी गर्दी पांगली, मांजर एकदाचं खाली उतरलं, आणि काकूंनी तो खळगा भरला. नव्या स्प्रिंगा, वर गोणपाट, वर नवा फोम. लेकीने तार बदलून बाजूने नेली. माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकावासा वाटतो, यात काही वेडेपणा नाही, सगळ्यांनाच वाटतं. पण म्हणूनच कुणी तो आवाज काढून दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी गादी उचलून बघावी. आपलं माणूस खरंच तिथे असेल तर गादी उचलल्याने जाणार नाही. आणि नसेल, तर निदान त्याच्या नावावर दुसरा कुणी बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी फेरफटक्याला निघाल्या. वळणावर एक सायकलवाला रस्त्याच्या मधोमध रमतगमत चाललेला. लेकीचा हात घंटीच्या बटणाकडे गेला, तो काकूंनी अडवला. काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, “दादा, जरा बाजूला होता का?”

तो लगेच बाजूला झाला.